ठाणे ते बेलापूर, लेकीबरोबर

परगावी जायचं नाही हे मी आधीच सांगून टाकलं होतं. लेकीने महाबळेश्वर सुचवून बघितलं, गणपतीपुळे सुचवून बघितलं, मी दोन्हीला नको म्हटलं, कारण ह्यांच्याशिवाय हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघींनी एकमेकींचं तोंड बघत बसायचं ह्याची मला खरंच धास्ती वाटत होती. बुधवारी वर्षश्राद्ध झालं, गुरुवारी उरलेसुरले पाहुणे गेले, जावई ऑफिससाठी बंगळुरूला परतले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. शेवटी तीच म्हणाली, "मग ठाण्यातच फिरू. बाबा जिथे जिथे जायचे तिथे जाऊ, रोज थोडं थोडं." ह्याला नाही म्हणायला मला काही कारणच सापडेना.

हे गेल्यापासून आमचा दोघींचा फोन रोज व्हायचा, पण त्यात जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, बाई आली होती का, एवढंच. ह्यांच्याबद्दल मी सगळ्यांशी बोलत होते, शेजारच्या काकूंशी तर तासन् तास, दूधवाल्याशीसुद्धा. आणि तीही तिकडे तिच्या मैत्रिणींशी बोलायची, रडायची, हे मला जावयांनी सांगितलं. फक्त एकमेकींसमोर आलो की दोघींची तोंडं बंद. का ते मला ह्या फिरण्यात थोडंफार कळलं, म्हणून लिहून काढतेय.

शुक्रवार

सकाळी लवकर बाहेर पडलो. आधी कोपिनेश्वर. ह्यांचा सोमवार कधी चुकला नाही, आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा असली की हे आदल्या रात्रीपासून तयारीला. लेकीला आठवत होतं की बाबा तिला खांद्यावर घेऊन ती पिंड दाखवायचे, कारण पिंड एवढी मोठी की लहान मुलाला वाटतं देव अंगावरच येतोय. मी म्हटलं हो, तू घाबरून रडायचीस. एवढंच बोलणं झालं आणि आम्ही बाहेर आलो.

मग जांभळी नाका. खरं तर भाजी घ्यायची नव्हती, तरी मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, कारण त्या बाजारातून मोकळ्या हाताने बाहेर पडायची मला सवय नाही. तिथून तलावपाळीला चक्कर मारली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, मासुंदा तलाव म्हणजेच तलावपाळी, एका बाजूला गडकरी रंगायतन, 1978 सालचं, दुसरीकडे कोपिनेश्वर, आणि मधे ठाण्यातली सगळी जोडपी, सगळे आजोबा आणि सगळे भेळवाले. आमचं लग्न ठरल्यावर घरच्यांची परवानगी घेऊन आम्ही फिरायला आलो ते इथेच, अर्थात सोबत माझा धाकटा भाऊ होता. हे मला तिला सांगायचं होतं पण ती मोबाईलमध्ये बघत होती, मग राहूनच गेलं.

भूक लागली तशी मामलेदारची मिसळ खायला गेलो. मामलेदार कचेरीच्या शेजारची म्हणून मामलेदार, ठाणेकरांना नवीन सांगायला नको. लेकीने ऑर्डर दिली, एक मध्यम, एक तिखट. मी म्हटलं तू कधीपासून तिखट खायला लागलीस?

"बाबांनी सवय लावली. शनिवारी क्लासवरून न्यायला यायचे ना, तेव्हा इथे यायचो. दोघंही तिखटच घ्यायचो."

मी चमचा खाली ठेवला. ह्यांना पित्ताचा त्रास होता, मी घरी आमटीत मिरचीसुद्धा अर्धी तोडून घालायचे, आणि हे दर शनिवारी इथे तिखट तर्री ओरपून घरी येऊन माझा वरणभात मुकाट जेवायचे. "मग जेवण कसं जायचं?" तर म्हणाली, "तुला कळू नये म्हणून जेवायचे. आणि वर म्हणायचे, आज भात छान झालाय."

लेक हसत होती, आणि मला मात्र वाईट वाटलं. मिसळीचं नाही. इतक्या वर्षांचे ह्यांचे शनिवार तिच्याकडे होते आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता, ह्याचं. आता विचारायला माणूस नाही. तिच्या लक्षात आलं असावं, तीही गप्प झाली, पाव तसाच राहिला.

परत येताना मराठी ग्रंथसंग्रहालयावरून आलो. ती म्हणाली, "बाबा इथे येत होते का गं कधी?" मी म्हटलं, "यायचे," आणि चालायला लागले. तिथे एक मोठी गोष्ट सांगायची होती आणि त्या दिवशी मला ती द्यावीशी वाटली नाही. तुझ्याकडे शनिवार आहेत, माझ्याकडे हे राहू दे, असंच मनात आलं होतं.

शनिवार

येऊरला जायचं ठरलं होतं. गेलोच नाही. बिल्डिंगखालीच बिनसलं.

पार्किंगमध्ये ह्यांच्या स्कूटरची जागा होती, तिथे आता दुसऱ्या कुणाची बाईक लागते. ती तिथे थांबली आणि म्हणाली, "स्कूटर विकलीस आणि मला विकल्यावर सांगितलंस." हे तिच्या पोटात किती महिने होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, दूध आणायला खाली उतरलं की ती दिसायची, औषधं आणायला गेलं की दिसायची, रात्री गॅलरीत उभी राहिले तरी वरून तिची सीट दिसायची, तुला तिकडे बंगळुरूत रोज दिसत नव्हती. तर म्हणाली, "मला परत कधीच दिसली नाही आई, मी तेच म्हणतेय."

ह्याला काय उत्तर देणार. तिचं बरोबर होतं, पण माझंही चूक नव्हतं, ती स्कूटर मी आजही विकेन, मला तिथून रोज जायचं असतं.

रिक्षा बोलावलेली होती म्हणून बसलो आणि येऊरच्या पायथ्याशी उपवनला उतरलो. तलावाकाठी बाकावर बसलो, शेंगदाणे खाल्ले, समोर पोरं सायकली चालवत होती. तिने ऑफिसचा एक फोन घेतला, मी पुड्यातल्या शेंगदाण्यांची सालं काढत बसले. मग घरी आलो. मेथीची भाजी केली.

रविवार

आजचं बुकिंग तिने आधीच करून ठेवलं होतं नाहीतर आम्ही दोघीही घरातच बसलो असतो. ऐरोलीची फ्लेमिंगोंची बोट. ती बोट भरतीच्या हिशोबाने सुटते आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी तर चार दिवसांनी दुपारी असं असतं, जाणाऱ्यांनी वेळ बघूनच बुक करावं.

ठाणे स्टेशनवर ट्रान्सहार्बरचे, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलचे, प्लॅटफॉर्म नऊ-दहा, तिथे पुलावरून जाताना मी सवयीने म्हटलं, "16 एप्रिल 1853," आणि लेक लगेच म्हणाली, "दुपारी 3 वाजून 35 मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे," मी म्हटलं, "34 किलोमीटर, 14 डबे, 400 माणसं," आणि मग दोघी एकदमच, "साहिब, सिंध आणि सुलतान!" मागून येणारा एक मुलगा वळून बघायला लागला. घरी कुणीही पाहुणा आला की हे त्याला ठाणे स्टेशनचा हा इतिहास ऐकवल्याशिवाय चहा देऊ देत नसत, तीन इंजिनांची नावं तर पाहुण्याकडून वदवून घ्यायचे. हे गेल्यावर आम्ही दोघी एकत्र हसलो त्या पुलावर. मग गाडी आली, लेडीज डब्यात बसलो, खाडीचा पूल आला, पुढे नवीन दिघा गाव स्टेशन, 2024 च्या जानेवारीत सुरू झालेलं, आणि मग ऐरोली. तिथून रिक्षा.

वनखात्याच्या केंद्रात आधी खारफुटीची माहिती देतात. मला वाटलं होतं ह्यात काय बघायचं, चिखल आणि झुडपं, पण आमच्याबरोबरचा गाईड पोरगा फार मन लावून सांगत होता. तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढून उभी असतात ती श्वास घ्यायला, कारण त्या चिखलात हवाच नसते. आणि खारं पाणी शोषून घेतल्यावर जास्तीचं मीठ ते झाड पानांतून बाहेर टाकतं. त्याने एक पान पुढे केलं. लेकीने त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. लहानपणी हीच पोरगी भिंतीचा चुना चाटायची. "खारट आहे गं," म्हणाली आणि पान माझ्यापुढे धरलं. मीही चाटून बघितलं. खरंच खारट.

बोटीत चढताना फळी हलत होती, तिने हात पुढे केला, मी धरला आणि बसल्यावरही तो थोडा वेळ तसाच राहिला.

आता पक्ष्यांबद्दल. ठाणे खाडीचं हे अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, जवळपास 1,690 हेक्टर, खारफुटी आणि पाणी धरून, आणि 2022 मध्ये त्याला रामसरचा दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपल्या दाराशी असलेली ही खाडी आहे, जिच्यावरून जाताना आपण लोकलमध्ये नाकाला रुमाल लावतो. रोहित पक्षी, म्हणजे हेच फ्लेमिंगो, इथे हिवाळ्यात येतात, बरेचसे कच्छकडून, आणि पावसाच्या तोंडाशी जातात. मोठे आणि छोटे असे दोन प्रकार असतात, छोटे जास्त गुलाबी.

लांबून आधी नुसती गुलाबी रेघ दिसली. जवळ गेल्यावर आवाज यायला लागला, मला वाटलं होतं एवढा देखणा पक्षी गोड बोलत असेल, तर नाही, बदकांसारखा कलकलाट. मान खाली, डोकं उलटं करून चोच पाण्यात, आणि तसंच चालत चालत पाणी गाळून खायचं, एकाचंही डोकं वर नाही. त्यांच्यात काही करडे मळकट पक्षी होते, मी विचारलं हे वेगळे आहेत का, तर गाईड म्हणाला ही पिल्लं, आता मोठी दिसतात पण रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात, शेवाळ वगैरे खाऊन खाऊन रंग चढतो. मग म्हणाला, "आई-बाप दोघंही पिल्लाला गळ्यातून तयार झालेलं दूध पाजतात. पाजता पाजता त्यांचा स्वतःचा गुलाबी रंग फिका पडत जातो. पिल्लं मोठी झाली की परत येतो."

बोटीत कुणीतरी अरे वा म्हणालं. मी लेकीकडे बघितलं. तिने दुर्बीण डोळ्यांना लावलेली होती आणि दुर्बिणीच्या खालून गालावर पाणी ओघळत होतं, हनुवटीपर्यंत. ती दुर्बीण खाली घेत नव्हती कारण मग मला दिसलं असतं. मी म्हटलं, "दे गं जरा मला, किती वेळ एकटीच बघतेस," आणि दुर्बीण घेऊन माझ्या डोळ्यांना लावली, म्हणजे तिला तोंड पुसता येईल. मला त्या दुर्बिणीतून काही दिसलं नाही, माझेही डोळे भरलेले होते, पण मी बराच वेळ लावून ठेवली.

परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "बाबांना दाखवायचं होतं हे. दोनदा बुकिंग केलं आणि दोनदा रद्द केलं मी." मी काही बोलले नाही, तिच्या मांडीवर नुसता हात ठेवला. रात्री ती माझ्याच खोलीत झोपली, ह्यांच्या बाजूला.

सोमवार

आज परत ट्रान्सहार्बर, पण रबाळ्याला उतरायचं. हे मी ठरवलं.

ह्यांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातली. ही रेल्वे 2004 साली प्रवाशांसाठी सुरू झाली, त्याआधी बस. ठाणे-बेलापूर रोडला पावसाळ्यात असे खड्डे की हे घरी यायचे ते कंबर धरूनच. लेकीला बाबांची कंपनी म्हणजे जिथून दिवाळीला स्टीलचे डबे आणि मिठाई यायची ती, एवढंच माहीत. आम्ही एमआयडीसीत चालत गेलो, ह्यांची पहिली कंपनी जिथे होती तिथे आता काचेची इमारत आहे, गेटवर सिक्युरिटीवाला, आत कंप्युटरवाले. लेक म्हणाली, "बाबा इथे होते ना मी शाळेत असताना?"

म्हटलं, सगळा वेळ नव्हते. आणि मग रस्त्याच्या कडेला, डंपर जात होते, धूळ उडत होती, तिथेच उभं राहून मी तिला सांगितलं. 1997 साली ती कंपनी बंद पडली. त्या पट्ट्यात तेव्हा केमिकलच्या, इंजिनिअरिंगच्या बऱ्याच कंपन्या एकेक करून बंद पडत होत्या. तू चौथीत होतीस, स्कॉलरशिपला बसलेली. हे म्हणाले पोरीला आत्ता काही कळता कामा नये. मग रोज त्याच वेळेला डबा घेऊन बाहेर पडायचे आणि ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे. पेपरातल्या जाहिराती उतरवून घ्यायच्या, अर्ज लिहायचे, पोस्टात टाकायचे, डबा तलावपाळीला बसून खायचा, संध्याकाळी कंपनीच्या वेळेला घरी. तू दारात पळत जायचीस आणि विचारायचीस, आज किती मशीन दुरुस्त केल्या? आणि हे आकडा सांगायचे. रोज वेगळा.

ती ऐकतच राहिली. "आणि तुला माहीत होतं?"

"डबा मीच भरत होते."

मग तिने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं, तिने भर रस्त्यात मला मिठी मारली, सिक्युरिटीवाला बघत होता, आणि ती म्हणत होती, "मी त्यांना आकडा विचारायचे गं, मी रोज आकडा विचारायचे." मी म्हटलं अगं वेडे, तेवढ्यासाठीच तर घरी वेळेवर यायचे ते.

तिचे बाबा आणि माझा नवरा, ही दोन वेगळीच माणसं होती. तिच्या बाबांना मी ओळखत नव्हते, तिखट खाणारे, शनिवारचे. माझ्या नवऱ्याला ती ओळखत नव्हती, रात्री उठून गॅलरीत उभा राहणारा, पीएफचा हिशोब परत परत करणारा. दोघी एकाच माणसासाठी रडतोय असं सगळे धरून चालले होते आणि आम्हीही, म्हणून समोरासमोर आलो की काही जुळायचंच नाही.

तिथून गाडीने बेलापूर. स्टेशनजवळ कढी-खिचडी खाल्ली, खूप दिवसांनी मला भूक लागली होती. किल्ले गावठाणाकडे बेलापूरचा जुना किल्ला, सिद्दीच्या काळातला, मग मराठ्यांनी घेतलेला, आता पडका बुरूज. उन्हात फार वेळ थांबलो नाही. मग मेट्रो. बेलापूर ते पेंधर, 11 स्टेशनं, 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली. कामाला 2011 मध्ये सुरुवात झाली होती आणि हे सगळी वर्षं पेपरात तिच्या बातम्या वाचून वैतागायचे. सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एकटे जाऊन बसून आले, माझा गुडघा दुखत होता. लेक म्हणाली, "मला व्हिडिओ कॉल केला होता ना आतून, मी मीटिंगमध्ये होते तरी घेतला." आणि मग खारघरच्या डोंगरापाशी बाबा काय म्हणाले, पेंधरला उतरल्यावर कुणाला काय विचारलं, कॅमेरा उलटा धरून स्वतःचं कपाळच कसं दाखवत होते, सगळं तिने सांगितलं. मी खिडकीजवळ बसून ऐकत होते. हे सांगणं मला हवंच होतं, आणि शुक्रवारसारखं काही टोचलं नाही.

मंगळवार

तिचं रात्रीचं विमान. सकाळी कपाट उघडलं, वर्षभर उघडलं नव्हतं. तिने ह्यांचा राखाडी स्वेटर घेतला, मी विचारलंही नाही तो तिकडे कशाला. बाकीचे शर्ट कुणाला द्यायचे ते दोघींनी बसून ठरवलं, दोन-तीन वेळा वाद झाला, पांढरा लखनवी झब्बा शेवटी कपाटातच राहिला.

दुपारी ग्रंथसंग्रहालयात गेलो. 1 जून 1893 ची ही संस्था आहे, ठाण्यात राहून जे आत गेले नसतील त्यांनी जरूर जावं. तिला ह्यांची जागा बघायची होती. मला नेमकी जागा ठाऊक नव्हती, मी तेव्हा कधी आत आलेच नव्हते, डबा भरून दिला की माझं काम संपायचं आणि शिकवण्यांची पोरं यायची. ती एका टेबलाशी बसली, पेपर ओढला आणि नोकरीच्या जाहिरातींचं पान काढलं. शेजारी एक मुलगा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. मग तलावपाळीला बसून घरून नेलेला पोळीभाजीचा डबा खाल्ला. आणि तिथे मी तिला ते लग्न ठरल्यानंतरचं फिरणं सांगितलं, धाकट्या मामाला भेळ देऊन लांबच्या बाकावर कसं बसवलं होतं ते. ती म्हणाली मामाला फोन लाव आत्ता, आणि लावलाच. त्याने वर अजून दोन गोष्टी सांगितल्या ज्या मी सांगणार नव्हते.

रात्री चेक-इन झाल्यावर तिचा फोन आला. मी म्हटलं जेवलीस का. ती म्हणाली, "ते सोड. बाबांना नोकरी नव्हती तेव्हा घर कशावर चाललं?"

म्हटलं, माझ्या शिकवण्यांवर. शिवाय आत्याने तिच्या पाटल्या आणून दिल्या होत्या, ह्यांनी नको नको म्हटलं, तर ती देव्हाऱ्यात ठेवून न बोलता निघून गेली. मग त्या सोडवल्या कधी, तर तुझ्या सातवीत. आणि आत्या कधी बोलली नाही? नाही, अजूनपर्यंत नाही. "थांब थांब," लेक म्हणाली, "बोर्डिंगला वेळ आहे अजून, पहिल्यापासून सांग, कंपनीचं पत्र आलं त्या दिवसापासून." मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.